दोन जनावरं आणि एक पिशवी : गोबरगॅसचा दीड वर्षाचा अनुभव

गोबरगॅसची पिशवी विकायला आलेला मुलगा म्हणाला होता, "मॅडम, दोन जनावरं आहेत ना? मग झालं. सिलिंडर विसरा." दीड वर्ष झालं, सिलिंडर काही विसरता आलेला नाही. तरीही ही पिशवी मी परत करणार नाही. का, ते सांगते.

आधी माझ्याबद्दल, कारण त्यावरून मी किती चिकित्सक आहे ते कळेल. हिंजवडीत चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालातली खोट काढायचा पगार घेतला. तीन वर्षांपूर्वी ते सोडून भोर तालुक्यात, हिरडस मावळात, सासऱ्यांच्या दोन एकरांवर राहायला आलो. नवऱ्याची नोकरी मात्र चालू आहे. आठवड्यातले तीन दिवस तो पुण्यात असतो आणि घरचा किराणा त्याच पगारातून येतो. सगळं सोडून मातीकडे वळलेल्यांच्या मुलाखतींत हा भाग बहुतेक वेळा गाळलेला असतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माल असा : रोज २ घनमीटर गॅसच्या मापाची, जाड काळ्या प्लास्टिकची पिशवी. एका तोंडाने शेणकाला आत, दुसऱ्याने स्लरी (गॅस निघून उरलेला पातळ काला) बाहेर, आणि वरच्या नळीतून गॅस थेट ओट्यावर. सोबत एक शेगडी, गॅसमधला गंधकाचा वास घालवणारा लोखंडी किसाचा फिल्टर, पंक्चर काढायचं सामान. बसवून ४१ हजार रुपये. खड्डा आपण खणायचा. अनुदान जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातून मिळतं, पण मी धीर न धरता आधीच पिशवी आणून बसवली. तुम्ही तसं करू नका.

आता त्या 'दोन जनावरां'चं गणित. १ घनमीटर गॅसला साधारण २५ किलो ताजं शेण लागतं, म्हणजे २ घनमीटरला रोज ५०. आमच्याकडे एक म्हैस आणि एक गाय. दोन्ही दिवसभर चरायला जातात, त्यामुळे निम्मं शेण रानात पडतं. गोठ्यात मी रोज वजन केलं (हो, ताणकाट्याला घमेलं अडकवून, महिनाभर, शेजारच्या आजी हसून बेजार). सरासरी १६ किलो निघालं. एवढ्यात पाऊण घनमीटरही गॅस होत नाही. १ घनमीटर म्हणजे सिलिंडरचा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गॅस धरतात. आमचा सिलिंडर पूर्वी ३५ दिवस जायचा, आता साडेतीन महिने जातो. वर्षाला सात सिलिंडर वाचले. साडेआठशेचा भाव धरला तरी सहा हजार. म्हणजे पिशवीचे पैसे फिटायला सात वर्षं, मध्ये काही बिघडलं नाही तर. चार जनावरं बांधलेली असतील तर हेच गणित झटकन सुटतं. विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं : बांधलेली की चरणारी?

रोजचं काम अर्ध्या तासाचं. शेण, तेवढंच पाणी, हाताने कालवायचं, काडीकचरा काढायचा. हातमोजे दोन आठवडे वापरले, मग सुटले. सुरुवातीला ट्रॉलीभर शेण गावातून गोळा करून पिशवी भरली आणि वाट पाहत बसलो. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा असतो. बाविसाव्या दिवशी पेटला. भर दुपारी ज्योत दिसेचना, इतकी फिकट निळी. हात वर धरला तेव्हा कळलं. त्या शेगडीवरचा पहिला चहा सासूबाईंनी केला. "चव तीच आहे," म्हणाल्या.

पहिल्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरून पिशवी एका बाजूने उचलली गेली. भोवती चर काढायला हवा हे बसवणाऱ्याला माहीत असायला हवं होतं, शेजारच्या मामांना ते होतंच. थंडीत गॅस निम्म्यावर येतो. शेणातून गॅस करणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते, त्याला इलाज नाही. सकाळी कोमट पाण्यात कालवते, रात्री पेंढा अंथरते, थोडा फरक पडतो. आणि वानरं! फुगलेली पिशवी त्यांना गादी वाटते. आंब्यावरून थेट तिच्यावर उडी. शेवटी जुनी मासेमारीची जाळी ताणून बांधली.

खरा धडा मिळाला तो दुसऱ्या उन्हाळ्यात. पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्व्यांनी शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा छोटा गॅसप्लांट केला होता, त्याला २००६ साली अॅशडेन पुरस्कारही मिळाला. त्यामागचा विचार असा की शेण हे गुराने आधीच पचवून उरलेलं, त्यात दम कमी; पिठूळ, गोड पदार्थांतून गॅस भराभर होतो. हे वाचून मी आंबून गेलेलं इडलीचं पीठ ओतलं. दुसऱ्या दिवशी पिशवी टम्म. माझ्यातला टेस्टर खूश. आणि मग मी तेच केलं, ज्याबद्दल ऑफिसात डेव्हलपरांना बोल लावायचे : एकदा चाललं म्हणून थेट मोठ्या मापात लावून टाकलं. गावात साखरपुडा होता, मोठं पातेलंभर भात उरला होता, सगळा आणून आत घातला.

तिसऱ्या दिवशी गॅस आला, पण पेटेना. चौथ्या दिवशी स्लरीला आंबट, ओकारी येईल असा वास. पाचव्या दिवशी पिशवी खाली बसली. आंबटपणा मोजायच्या पीएचच्या पट्ट्या आणून पाहिलं तर साडेपाच. सातच्या आसपास हवा. म्हणजे आतलं पोट बिघडलं होतं : आम्ल करणारे जिवाणू जोरात, ते खाऊन मिथेन, म्हणजे पेटणारा गॅस, करणारे मागे पडलेले. मदतीच्या नंबरावर फोन लावला, तर तक्रार क्रमांक मिळाला! पूर्वी माझ्या टीमला चार तासांत उत्तर द्यावं लागायचं. इथे माणूस अकराव्या दिवशी आला, पिशवी चापटली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही जास्त खाऊ घातलंत."

तोवर इलाज सुरूही झाला होता, तोही आजींमुळे. त्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "अजीर्ण झालंय गं तिला. लंघन दे. आणि चुन्याची निवळी घाल थोडी थोडी." आठ दिवस नवं काही घातलं नाही, रोज तांब्याभर निवळी, मग मामांच्या चालू प्लांटातली दोन बादल्या स्लरी विरजण म्हणून. बाराव्या दिवशी ज्योत परत आली. आता खरकटं घालते, पण रोज दोन वाट्या, त्याहून कण जास्त नाही.

पिशवीसोबत आलेल्या पुस्तिकेत यातलं अक्षर नाही. तिच्यात आहे 'स्वावलंबी जीवनाकडे एक पाऊल' आणि सूर्योदयाचा फोटो. शेणकाला कालवताना मनःशांती लाभते का, असं मैत्रिणी विचारतात. म्हैस लाथ मारेल का इकडे लक्ष असतं.

शेगडीबद्दल दोन गोष्टी. दाब कमी असल्यामुळे भाकरी तव्यावर भाजते, पण आचेवर धरली की नीट फुगत नाही. त्यामुळे भाकऱ्या चुलीवरच. भात, वरण, चहा, गुरांची पेज यांना उत्तम. ज्योत फडफडू लागली की घाबरू नका, नळीत पाणी साचलेलं असतं. गॅस ओला असतो, नळी जिथे खाली झुकते तिथे थेंब जमतात. तिथे टी आकाराचा जोड बसवून खाली बाटली लावा. हे बसवणाऱ्याने करून द्यायला हवं. आमच्याकडे मी केलं.

मग परत का करत नाही? स्लरी. पातळ, जवळजवळ बिनवासाची, माशा बसत नाहीत. भाताच्या रोपांना दिली, अळवाला दिली, तोंडलीच्या वेलाला दिली. तोंडलीने तर यंदा मांडव वाकवला. पूर्वी शेण उकिरड्यात महिनोन्‌महिने पडायचं, पावसात निम्मा कस वाहून जायचा. सिलिंडरचं गणित सात वर्षांचं असलं तरी या वर्षी बाहेरून खताची एकही गोणी आलेली नाही.

विकणारा संडासही याला जोडता येतो म्हणाला होता, आणि ते खोटं नाही. देहूच्या डॉ. मापुसकरांनी 'मलप्रभा' नावाने असा प्लांट करून दाखवला होता. पण सासूबाईंनी "त्यावर नैवेद्य शिजवणार का?" एवढंच विचारलं आणि विषय संपला.

तर : पाचपैकी साडेतीन. एक तारा जनावरांच्या हिशेबातल्या थापेचा कापला, अर्धा अकरा दिवसांचा. पिशवीला स्वतःला मला पैकीच्या पैकी द्यायचे आहेत. वानरांच्या उड्या, माझा भात, दोन पावसाळे सोसून ती एकदाच फाटली, तीही घुशीने कुरतडली म्हणून, आणि सायकलच्या ट्यूबसारखं ठिगळ लावून चालू झाली. शेगडीची खुंटी मात्र गॅसमधल्या गंधकाने दहा महिन्यांत गंजून आखडली. नवी मागवून सहा आठवडे झाले. तोवर पक्कड ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी.