‘परमिशनसकट’ नाईट ड्रोन शूट: माझे १,५५,९०० रुपये असे गेले

मुंबईचं रात्रीचं ड्रोन शूट ‘सगळ्या परमिशनसकट’ करून देतो असं कोणी म्हणालं, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आधी कागद बघा, मग भावाचं बोला. जानेवारी २०२५ मध्ये मी अशाच एका माणसाला १,५५,९०० रुपये दिले आणि हाती एका सेकंदाचं फुटेजसुद्धा आलं नाही. राग अजून शमलेला नाही. लाजही वाटते, पण गप्प बसले तर तो पुढच्याला गाठणार, म्हणून लिहितेय.

मी ठाण्यात छोटा व्हिडिओ स्टुडिओ चालवते. लग्नं, कॉर्पोरेट फिल्म, बिल्डरांच्या जाहिराती अशी आमची कामं. ड्रोन आमच्याकडे नाही. तो आम्ही नेहमी बाहेरून मागवतो, ऑपरेटरला ॲडव्हान्स देतो, शूट झालं की उरलेले देतो. या धंद्यात सगळेच असं करतात. त्यामुळे ‘आधी पैसे दिलेच कसे’ असं कृपया विचारू नका. ॲडव्हान्सशिवाय ऑपरेटर तारीखच अडवून ठेवत नाही.

या वेळी क्लायंट होता दक्षिण मुंबईतला एक बिल्डर. त्याला मरीन ड्राइव्हचा राणीचा हार आणि वरळीच्या बाजूने सी लिंक, दोन्ही ब्लू अवरला हवं होतं. म्हणजे सूर्य बुडाल्यावर आकाशात निळा रंग शिल्लक असतो आणि खाली दिवे लागलेले असतात, ती जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. त्यानंतर आकाश काळं पडतं आणि फ्रेममध्ये नुसते ठिपके उरतात.

आमचा नेहमीचा ऑपरेटर सरळ नाही म्हणाला. ‘मुंबईत रात्री? मला माझं लायसन्स प्यारं आहे.’ त्याचं बरोबरच होतं. शहरात विमानतळ, जुहूची धावपट्टी, कुलाब्याला नौदल, ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र. त्यात पोलीस वेळोवेळी ड्रोन उडवण्यावर मनाई आदेश काढतात. मग व्यवसायाच्या एका ग्रुपमधून या दुसऱ्या माणसाचा नंबर मिळाला. कोणीतरी पुढे ढकललेला नंबर. तो नक्की कोणाच्या ओळखीचा होता, हे नंतर एकालाही सांगता आलं नाही.

हा माणूस काम जाणणारा होता, म्हणूनच मी फसले. आपणहून म्हणाला, ‘ताई, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शूट सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या नाहीतर शंभराव्या भागावर, नाहीतर एलईडीचे दिवे लुकलुकतील.’ रात्री ड्रोनचे अडथळे ओळखणारे सेन्सर नीट चालत नाहीत, म्हणून शेजारच्या गच्चीवर एक माणूस उभा करावा लागेल, हेही त्यानेच सांगितलं. यातलं अक्षरही खोटं नाही. इतकं नेमकं बोलणाऱ्याला कोण ठग समजेल? आणि शेवटी ते वाक्य: ‘तुम्ही फक्त क्लायंट सांभाळा, कागद माझ्यावर सोडा.’

कागदांचीच तर आम्हाला धास्ती असते, आणि त्याने नेमकं तेच विकायला काढलं होतं.

दोन संध्याकाळींचे १,८५,००० रुपये ठरले. ॲडव्हान्स ६०,०००. नंतर ‘परमिशन फी’ म्हणून ३८,५००. मग ‘विमा’ म्हणून १२,४००. प्रत्येक वेळी यूपीआयवर वेगळं नाव यायचं. विचारलं तर एक अकाउंटंटचं, एक पार्टनरचं. हे लक्षात ठेवा: सरकारी फी कुठल्याही खासगी माणसाच्या खात्यात जात नाही. आणि ड्रोनचा विमा ऑपरेटरने आधीच काढलेला असतो, त्या ड्रोनच्या नोंदणी क्रमांकावर. शूटपुरता क्लायंटकडून उकळायचा तो खर्चच नव्हे.

आता त्या रीलबद्दल, कारण ती डोक्यातून जातच नाही. पैसे देण्याआधी त्याने नमुना म्हणून सी लिंकची रील पाठवली होती, ‘गेल्या महिन्यातच मारलंय, डिसेंबर २०२४’ असं सांगून. अप्रतिम शॉट होता. ड्रोन वरळीकडून संथपणे पुढे सरकतो, केबल्सवर सोनेरी उजेड, खाली काळं पाणी, पलीकडे वांद्र्याचे दिवे. मी तो मोठ्या स्क्रीनवर लावला, क्लायंटला पाठवला, आमच्या एडिटरने रंगांचं कौतुक केलं.

त्या शॉटमध्ये सी लिंकच्या वरळीच्या टोकाला काहीही नव्हतं. मोकळं पाणी. कोस्टल रोडला सी लिंकशी जोडणारे ते मोठे कमानीचे पूल २०२४ मध्ये समुद्रात बसवले गेले, सप्टेंबरमध्ये वाहतूक सुरूही झाली. मी स्वतः त्यावरून गेलेय, गाडीच्या काचेतून त्यांचे फोटो काढलेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्या कोनातून शूट केलं तर ते पूल फ्रेममध्ये आल्यावाचून राहणारच नाहीत. म्हणजे फुटेज जुनं होतं, कोणाचं तरी ढापलेलं. पुढे तेच फुटेज मला तयार फुटेज विकणाऱ्या एका स्टॉक साइटवर सापडलं, जसंच्या तसं, फक्त वॉटरमार्कसह.

सहा जणांनी ती रील पाहिली आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. मी रंग बघत होते, ड्रोनची चाल बघत होते, फ्रेम हलतेय का ते बघत होते. आमची नजरच तशी घडलेली असते. शहराचा नकाशा तपासत रील बघा, असं आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. तुम्ही मात्र यापुढे तेच करा. रील थांबवा आणि एकेक इमारत, एकेक पूल बघा. मुंबई दर सहा महिन्यांनी बदलते. जुनं फुटेज तिथेच पकडता येतं.

दुसरी खूण ड्रोनची. तो म्हणाला, डीजेआय या चिनी कंपनीचा इन्स्पायर ३ आणतो, ८के. हे मॉडेल बाजारात आलं एप्रिल २०२३ मध्ये, आणि परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर भारताने फेब्रुवारी २०२२ मध्येच बंदी घातली आहे. मग तो इथे रीतसर नोंदवला कसा? हा एकच प्रश्न विचारा: ड्रोनचा यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक काय? खरा ऑपरेटर तो तोंडपाठ सांगतो. वर हा ड्रोन जवळपास चार किलोचा, म्हणजे ‘स्मॉल’ वर्गातला. त्याला सर्टिफिकेट असलेलाच पायलट लागतो. सर्टिफिकेट मागितलं, तर ‘ऑफिसला आहे, स्कॅन करून टाकतो’. स्कॅन आला नाही. मग २६ जानेवारी आली आणि म्हणाला, ‘ताई, मनाई आदेश आहे, तारीख पुढे न्यावी लागेल.’ प्रजासत्ताक दिनाच्या आसपास बंदोबस्त कडक असतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्याच्या थापांमध्ये असं खरं इतकं मिसळलेलं असायचं, की संशय घ्यायला जागाच उरायची नाही.

नंतर पोलिसांच्या नावाचं परवानगीचं पत्र आलं. पीडीएफ, राजमुद्रा, गोल शिक्का, निळ्या शाईची सही. मी ते वाचलं आणि सुटकेचा श्वास घेतला. त्यात काय होतं, ते आता सांगते. पत्रावर तारीख २०२५ ची आणि आधार ‘फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १४४’. ती संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. आता मनाई आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. उड्डाणाची उंची ५०० फूट. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सगळ्यात मोकळ्या हवाई क्षेत्रातसुद्धा ४०० फुटांपर्यंतच उडवता येतं, त्याहून वर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. यूआयएनचा रकानाच नव्हता. मी वकील नाही. कलमं बदलल्याचं बातम्यांत ऐकलं होतं, पण कोणतं कलम कुठे गेलं हे लग्नं शूट करणारी बाई पाठ करून ठेवत नाही. असं पत्र तुम्हाला आलं, तर त्यावर ज्या कार्यालयाचं नाव आहे तिथे स्वतः जा. फोन करायचा असेल, तर पत्रावर छापलेला नंबर सोडून दुसरीकडून मिळवलेल्या नंबरवर करा. आणि सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा ड्रोनच्या झोनचा नकाशा उघडा: लाल, पिवळा, हिरवा. तुमचं लोकेशन लालमध्ये असेल, तर तिथे परवानगी फक्त केंद्र सरकारची. ती ३८,५०० रुपयांत मिळत नाही.

शेवटचे ४५,००० गेले ते शूटच्या संध्याकाळी. आम्ही गच्चीवर, क्लायंटचा मार्केटिंगवाला शेजारी उभा, सूर्य बुडालेला, समोरची दिव्यांची ओळ एकेक करून पेटतेय. फोन आला: ‘ताई, खाली नाक्यावर गाडी अडवलीय, सिक्युरिटी डिपॉझिटची पावती मागतायत. पंचेचाळीस भरले की सोडतात, उद्या रिफंड येतो.’ मागे कोणीतरी चढ्या आवाजात ‘कागद दाखवा’ म्हणत होतं. आकाश निळं होत चाललं होतं. क्लायंट घड्याळ बघत होता. त्या मिनिटाला कोण नकाशे आणि कलमं तपासत बसतं? मी पिन टाकला. ॲपवर चौथंच नाव आलं होतं, ते मला दिसलंही होतं. पाच मिनिटांनी त्याचा फोन बंद झाला. क्लायंटने मला दिलेले ७५,००० मी स्वतःच्या खिशातून परत केले. तो हिशेब वरच्या आकड्यात धरलेला नाही.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे. त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. हे तुम्हीही लगेच करा; सकाळची वाट बघाल, तर पैसे दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळालेले असतात. पण तो क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर पहिलं वाक्य: ‘मॅडम, हे दिवाणी आहे. कामाचे पैसे दिले, काम झालं नाही, वकील करा.’ मी ते बनावट पत्र टेबलावर ठेवलं. पोलिसांच्या नावाने खोटा शिक्का, खोटी सही. समोरच्या अंमलदाराने ते उचलूनसुद्धा पाहिलं नाही. तुमच्याच खात्याचं नाव वापरून कोणी बनावट परवानगी विकतोय आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नाही?

मग हद्द. पैसे ठाणे शहरातून गेले, शूट मुंबईत, खाती आणखी तिसरीकडे. इथले म्हणतात तिथे जा, तिथले म्हणतात जिथून पैसे पाठवले तिथे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी तेही सांगितलं. उत्तर मिळालं, ‘साहेब बंदोबस्तात आहेत, नंतर या.’ आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं: ‘रात्री मुंबईत ड्रोन उडवायला निघाला होतात ना? मग केस तुमच्यावरच होईल.’ मी परवानगीसाठीच पैसे मोजले होते! कायदा पाळायला निघालेल्या माणसालाच धमकी, आणि ज्याने खोटा शिक्का मारला तो मोकळा. असं ऐकल्यावर किती जण तक्रार मागे घेत असतील? त्याच्यासारखे ठग याच भीतीवर जगतात. आपण फसवलेला माणूस पोलिसांकडे जाणार नाही, गेला तरी त्यालाच झापतील, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बँकेतही तेच. ‘पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे.’ ज्या चार खात्यांत पैसे गेले ती कोणाची, केवायसी कोणी केलं, हे विचारायचा मला अधिकार नाही म्हणे. होल्ड झालेली रक्कम आहे ६,३४० रुपये. तीसुद्धा मिळवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं.

शेवटी लेखी अर्ज केला, पोच घेतली आणि तोच अर्ज टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्याला पाठवला. कलम १७३ मध्येच तशी सोय आहे. तेव्हा कुठे जबाब घेतला गेला. तोंडी बोलू नका. सगळं लेखी द्या, पोच घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून हलू नका, अर्जात ‘बनावट दस्तऐवज’ हे शब्द ठळक लिहा आणि भारतीय न्याय संहितेची कलमं टाका: फसवणूक ३१८, बनावट दस्तऐवज ३३६, तो खरा म्हणून वापरणं ३४०. मग ‘दिवाणी’ म्हणणं त्यांना तितकं सोपं जात नाही. चॅट डिलीट करू नका, त्याने ब्लॉक केलं तरी. कॉलची यादी, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, पीडीएफची मूळ फाइल जपून ठेवा; नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

तो अजून काम करतोय. एका ओळखीच्या फोटोग्राफरला गेल्या आठवड्यात नव्या नंबरवरून ‘परमिशनसकट नाईट ड्रोन, मुंबई’ असा मेसेज आला, सोबत सी लिंकची तीच रील, वरळीच्या टोकाला मोकळं पाणी असलेली. तुम्हाला आली तर उत्तर देऊ नका, नंबर आणि रील तक्रारीसाठी जपून ठेवा. आणि ज्यांनी आधीच पैसे दिले आहेत त्यांनी लाजून घरी बसू नका. १९३० ची तक्रार करताना पैसे गेलेल्या प्रत्येक खात्याचं नाव, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक लिहा. माझ्या जबाबात ती चारही नावं आहेत. तुमच्या तक्रारीत त्यातलं एक जरी आलं, तरी दोन्ही प्रकरणं एकत्र तपासा अशी लेखी मागणी करता येते, आणि ती मी करणार आहे.