लॅसिकनंतरचे महिने: नजर आली, ड्रॉप मात्र खिशातच

चष्मा सुटून वर्ष होत आलं. आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात विचाराल तर लॅसिक, म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन, केलेला जवळपास प्रत्येक जण "अरे, कमाल आहे, करूनच टाक" असंच म्हणेल. उठल्या उठल्या भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, एवढ्यावरच तेव्हा सगळं माफ असतं. दुष्परिणामांचा खरा हिशोब नव्याची नवलाई ओसरल्यावर लागतो.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ५ च्या आसपास, जोडीला थोडा सिलिंड्रिकल, आणि बरीच वर्षं एका जागी स्थिर. प्रकार ब्लेडविरहित लॅसिकचा. फेम्टोसेकंद लेझरने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराचा, पातळ पापुद्रा (फ्लॅप) कापून उचलतात, खालचा भाग एक्सायमर लेझरने हवा तेवढा घासतात आणि फ्लॅप पुन्हा जागेवर बसवतात. टाके नाहीत, सुई नाही, भूल म्हणजे फक्त थेंब. दुखत नाही हे खरं आहे. पण सक्शनची रिंग बसते तेव्हा डोळ्यावर चांगलाच दाब येतो आणि काही क्षण समोरचं सगळं काळवंडतं. हे आधी सांगितलेलं असलं तरी पोटात गोळा येतोच. त्यानंतर लेझरची टकटक आणि केस जळल्यासारखा वास. हा वास मला अजून आठवतो, बाकी सगळं धूसर झालंय.

"सुरक्षित आहे का हो?" असं सगळे विचारतात, आणि मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो. कुणाच्या डोळ्यांसाठी, ते आधी ठरवा. ऑपरेशन काही मिनिटांचं असतं. खरा निर्णय त्याआधीच्या तपासणीच्या टेबलावर होतो. माझ्या कॉर्नियाची जाडी ५३२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) निघाली. फ्लॅपसाठी ११० आणि नंबर काढायला साधारण ७० गेले, म्हणजे खाली ३५२ उरले. किमान २५० तरी उरलेच पाहिजेत हा जुना दंडक, आणि हल्ली बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. हेच गणित मायनस ९ आणि ४८० मायक्रॉनवाल्याचं करून बघा. एका नंबरला १२ ते १५ मायक्रॉन खर्च होतात, म्हणजे त्याच्याकडे शिल्लक काय राहणार? जाडी पुरेशी असूनही टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या नकाशात, त्याचा आकार संशयास्पद दिसला, तर लॅसिक नकोच. सुप्त केराटोकोनस (कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असलेल्या डोळ्यावर लेझर मारला तर कॉर्निया पुढे फुगत जाऊ शकतो. त्याला एक्टेशिया म्हणतात. तो दुर्मिळ आहे, पण झाला की चष्म्यानेही नीट दिसत नाही. म्हणून "तुम्हाला जमणार नाही" असं सांगणाऱ्या डॉक्टरवर रागावू नका, त्याचे आभार माना. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी सांगितलेले दिवस त्या खरोखरच बंद ठेवा. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापंच चुकतात.

आता कोरडेपणा. ही माझी मुख्य तक्रार. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळा कोरडा पडल्याचा निरोप अश्रुग्रंथीपर्यंत नीट पोहोचत नाही. नसा परत वाढतात, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. पहिले काही महिने सकाळी पापणी उघडताना ती बुबुळावर खरवडल्यासारखी वाटायची. त्यामुळे डोळे सावकाश, आधी थोडे किलकिले करून उघडायची सवय लागली. एसीत स्क्रीनसमोर बसलं की दुपारपर्यंत अक्षरं पुसट व्हायची, चार वेळा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट. ते नंबर परत आल्याचं लक्षण नव्हतं, अश्रूंचा थर तुटत होता. आता बराच फरक आहे, तरी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले टिअर ड्रॉप खिशात असतातच. ज्यांचे डोळे आधीपासून कोरडे आहेत त्यांनी आधी त्यावर उपचार घ्यावेत, लेझरचं नंतर बघावं.

रात्रीचं म्हणाल तर सुरुवातीला समोरून येणाऱ्या हेडलाइटभोवती फिकट कडं दिसायचं आणि लाल सिग्नलमधून बारीक रेघा फुटायच्या. कडं आता जवळजवळ गेलंय. रेघा पावसात, ओल्या रस्त्यावर अजून दिसतात. मला चालतं. रोज रात्री गाडी चालवून पोट भरणाऱ्याला चालेलच असं नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, लॅसिक झालेल्यांवर केलेल्या प्रॉवेल अभ्यासातले आकडे मला इथे महत्त्वाचे वाटतात. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. त्याच अभ्यासात, आधी दिसण्याची कुठलीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी कडी, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी काही ना काही नव्याने दिसत होतं, आणि कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो सुरू झाला होता. एखाद्या तक्रारीमुळे रोजची कामंच अडली असे एक टक्क्याहून कमी. जाहिरातवाले पहिला आकडा सांगतात, घाबरवणारे दुसरा. खरे दोन्ही आहेत, कारण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येणं आणि दिवसभर डोळा सुखात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माझी नजर ६/६ आहे. पण अंधुक उजेडात वाचायला चष्म्यातून बरं दिसायचं, हेही तितकंच खरं.

लेझरने नंबर काढायच्या दुसऱ्या पद्धती, स्माइल आणि पीआरके, यांवर थोडंच. स्माइलमध्ये छेद लहान असल्याने नसा कमी कापल्या जातात. पीआरकेमध्ये फ्लॅपच नसतो, त्यामुळे कॉर्निया पातळ असलेल्यांना किंवा डोळ्याला मार बसण्याचे खेळ खेळणाऱ्यांना तो सुचवतात, पण पहिले दिवस चांगलेच दुखतं आणि नजर सावकाश येते. लॅसिकचा फ्लॅप पूर्वीइतका घट्ट कधीच चिकटत नाही. डोळे चोळायची माझी सवय त्या धाकानेच सुटली.

लेझरने डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) बदलत नाही. मोठा मायनस नंबर होता तर रेटिनाची तपासणी पुढेही करत राहावी लागते. चाळिशीचा चष्मा टळत नाही. कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरला लॅसिक झाल्याचं आधी सांगायचं. आणि ऑपरेशनपूर्वीचे सगळे रिपोर्ट मागून घ्या. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना ते लागतात. मी त्यांचे फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवलेत.