लक्षद्वीपच्या यॉटमागे डोंगर दिसत होते, तरी मी पैसे भरले

लाज वाटते म्हणून दोन महिने गप्प बसले होते. शेवटी धाकटी बहीणच म्हणाली, ताई तू लिही, नाहीतर अजून कोणीतरी जाईल. म्हणून लिहितेय. लक्षद्वीपच्या यॉट सहलीच्या नावाने फसवले गेले, एकूण गेले २,७९,६०० रुपये. विमानाची तिकिटं आणि कोचीतलं लॉज वेगळं, ते मी धरतच नाही कारण निदान विमान तरी खरं होतं.

मी एकतीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून हसायला तुम्ही मोकळे.

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपचे फोटो आले आणि जो तो लक्षद्वीप लक्षद्वीप करायला लागला. आमच्याकडे तर हे रिटायर झाल्यापासून चालूच होतं, की एकदा जायचं. सरकारी समुद्रम पॅकेज असतं हे मला माहीत होतं, एमव्ही कवरत्ती जहाजाने जायचं, दिवसा बेटावर आणि रात्री जहाजात. पण ते सातशे प्रवाशांचं जहाज, गर्दी, रांगेत जेवण, आयुष्यभर काटकसर केली आता एकदा तरी ऐटीत जाऊ, हे डोकं माझंच. ह्यांनी कधीच हट्ट केला नव्हता.

ऑक्टोबरात मोबाईलवर रील आली. पांढरीशुभ्र यॉट, फक्त आठ पाहुणे, स्वतःचा शेफ, चार रात्री पाच दिवस, कोची-बंगारम-तिन्नकारा-सुहेली-मिनिकॉय आणि परत कोची. माणशी ६४,५००. आम्ही दोघं आणि बहीण व तिचे मिस्टर असे चौघं, म्हणजे २,५८,०००, त्यात अर्ली बर्ड म्हणून १० टक्के कमी, २,३२,२००. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, नंबर दिला की व्हॉट्सॲपवर लगेच गोड बोलणारा मुलगा, आधी मॅडम, चौथ्या दिवसापासून मावशी.

आता कोणी म्हणेल चौकशी नाही का केली. केली हो! जीएसटी नंबर मागितला, साईटवर टाकून बघितला, ॲक्टिव्ह होता. नाव दुसरंच होतं, कसलंतरी एंटरप्रायझेस, तर म्हणाला मावशी ती आमची मूळ कंपनी, यॉटचा ब्रँड वेगळा. पटलं मला. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि बिलावर दुसरं असतंच की. व्हिडिओ कॉलवर पांढऱ्या गणवेशातला कॅप्टन दाखवला, त्याने समुद्र कसा असतो, उलटीची गोळी कधी घ्यायची सगळं सांगितलं. गिऱ्हाइकांचे फोन नंबर दिले, त्यातल्या एका बाईंशी मी वीस मिनिटं बोलले, त्या सुद्धा त्यांच्यातल्याच असणार हे आता कळतंय. म्हणजे अगदी डोळे मिटून नाही फसले मी. कंपनीने स्वतःच दिलेल्या नंबरांवर चौकशी करणं म्हणजे चोराच्या घरात जाऊन चोराची चौकशी करणं, एवढं मात्र लिहून ठेवा.

पण तो फोटो.

टोकनचे २३,२२० भरायच्या आदल्या रात्री त्याने ब्रोशर पाठवलं. हे चष्मा लावून मोठं करून बघत होते. पान तीनवर यॉट, निळं पाणी, आणि मागे उंच हिरवे कडे, सरळ पाण्यातून वर आलेले, आपल्या सह्याद्रीसारखे. हे म्हणाले, "अगं, लक्षद्वीपला डोंगर आहेत का?"

ह्यांनी विचारलं. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाने. आणि मी काय म्हणाले? "ड्रोनचा अँगल असेल. भूगोल मला शिकवू नका."

एकतीस वर्षं मी फळ्यावर खडूने बांगडी काढायचे आणि पोरांना सांगायचे, हे बघा कंकणद्वीप, बांगडीच्या आत उथळ पाणी ते खारकच्छ, अंदमान हे बुडालेल्या डोंगररांगांचे माथे आणि लक्षद्वीप प्रवाळाचं, फरक स्पष्ट करा, गुण तीन. छत्तीस बेटं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, आणि उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. तिथे नजरेत भरेल असं उंच काही असेल तर नारळाची झाडं आणि मिनिकॉयचं १८८५ चं दीपगृह. डोंगर नाहीत, टेकडी नाही, साधा उंचवटा म्हणावा असंही काही नाही! तो फोटो थायलंडकडचा कुठला तरी असणार. सातवीतल्या पोराने ओळखला असता. मी नाही ओळखला, कारण मला जायचं होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा २,७९,६०० आठवत नाहीत, ते वाक्य आठवतं.

आणि एकदा डोळे उघडल्यावर बाकीचं सगळं पण दिसतं. कोचीहून अगत्ती-बंगारमकडे जायचं तर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, तिथून खाली मिनिकॉय, मिनिकॉयहून परत कोची आणखी चारशे. ताशी अठरा-वीस किलोमीटरने जाणारी यॉट पाच दिवसांतला निम्मा वेळ उघड्या समुद्रातच असणार, मग बेटं बघायची कधी? नकाशा आणि फूटपट्टी माझ्या घरात आहे. ब्रोशरमध्ये यॉट अगदी वाळूला टेकलेली, तिकडे तर मोठी जहाजं खारकच्छाच्या बाहेर थांबतात आणि छोट्या बोटीने माणसं आत नेतात. तिसऱ्या संध्याकाळी "मिनिकॉय सनसेट वाईन" लिहिलेलं, लक्षद्वीपला दारूबंदी आहे, सवलत फक्त बंगारमला. आम्ही पीत नाही म्हणून ती ओळ वाचूनच सोडून दिली.

तर भरले ते असे. १९ ऑक्टोबरला २३,२२० क्यूआरवर. नोव्हेंबरात ९२,८८० यूपीआयने. डिसेंबरात उरलेले १,१६,१०० बँकेत जाऊन, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं सुद्धा, काकू कुठे निघालात, आणि मी तिला रील दाखवली. मग परमिटचे माणशी १,८५० म्हणजे ७,४००. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो, १९६७ चे नियम आहेत, तो प्रशासनच देतं. माझ्याकडून फक्त आधारचा फोटो घेतला आणि चार दिवसांत राजमुद्रा छापलेली पीडीएफ आली. त्यात ह्यांचं वय ४६ लिहिलं होतं, आम्ही हसलो. हसलो!! परवाना कुठल्याही एजंटने दिला तरी त्याचा नंबर प्रशासनाच्या कोचीच्या ऑफिसात विचारून घ्या, पैसे भरायच्या आधी, नंतर नाही.

निघायच्या दोन दिवस आधी शेवटचे ४०,०००. "रिफंडेबल सिक्युरिटी डिपॉझिट, उतरल्यावर परत." बहीण म्हणाली ताई हे आधी नव्हतं सांगितलं. त्या मुलाचं म्हणणं, नाही भरलं तर बोर्डिंग होणार नाही आणि बाकीचं पण जप्त. म्हणजे आधीचे वाचवायला पुढचे घाला. शेतातल्या आटलेल्या बोअरला अजून पन्नास फूट मारतात ना, तसंच.

१४ जानेवारी, संक्रांत. सकाळी सात वाजता आम्ही चौघं कोचीला बोलगट्टीच्या मरिनावर. बहिणीने डब्यात तिळगूळ घेतलेला, कॅप्टनला द्यायला. फोन बंद. गेटवरच्या माणसाने यॉटचं नाव ऐकून मान हलवली, त्या नावाची बोट इथे नाही, कधीच नव्हती. अकरापर्यंत थांबलो. मग रिक्षाने विलिंग्डन आयलंडला लक्षद्वीप प्रशासनाच्या ऑफिसात, तिथल्या गृहस्थांनी पीडीएफ बघितली, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की हा परवाना आमचा नाही. बहिणीचे मिस्टर बाहेर येऊन पायरीवर बसले, कोणालाच काही बोलले नाहीत, अजूनही बोललेले नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन तिथूनच केला. तुम्ही सुद्धा तोच आधी करा, पोलीस ठाण्यात जायच्या आधी, कारण त्या फोनवरून पैसे पुढे जायच्या आत अडवायचा प्रयत्न होतो. आमचे जुने भरणे केव्हाच पसार, फक्त शेवटच्या ४०,००० मधले १४,३१२ कुठल्यातरी तिसऱ्याच खात्यात अडकले.

आता गावी आल्यावरची कथा. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी, साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्या दिवशी, हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, ९० किलोमीटर एसटीने, तर म्हणाले रक्कम एवढी मोठी नाही, स्थानिक ठाण्यातच द्या. परत आलो तर म्हणे गुन्हा कोचीत घडलाय, कोचीला तक्रार करा. मी म्हटलं पैसे इथे बसून भरले, माझ्या स्वयंपाकघरात, आणि नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो नोंद घ्यावी लागते. तर अंमलदार म्हणतो, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." असलंच वाक्य मी ह्यांना ऐकवलं होतं ना, चला, फिटलं. पाच हेलपाट्यांनंतर अर्जावर शिक्का मिळाला. एफआयआर नाही, अर्जावर शिक्का. आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, शिक्षिका ना तुम्ही? मग कशा फसलात? अहो मी फसले ते सांगायलाच आलेय, परीक्षा द्यायला नाही!

बँक तर त्याच्या वर. तुम्ही स्वतः पिन टाकलात, स्वतः स्लिप भरलीत, तेव्हा आमची जबाबदारी नाही. बरं, ज्या खात्यात गेले ते खातं तुमच्याच बँकेचं, दुसऱ्या राज्यातलं, ते कोणाचं? ते गोपनीय आहे. म्हणजे मी जिवंत आहे हे मला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन सिद्ध करावं लागतं, अंगठा उठत नाही म्हणून मशीन तीनदा नाही म्हणतं, आणि एंटरप्रायझेस नावाच्या खात्यात तीन महिन्यांत कोणाकोणाचे लाखो येतात आणि त्याच दिवशी जातात, ते कोणालाच खटकत नाही. वर लेखी तक्रार केली तर उत्तर आलं, ग्राहकाने सतर्क राहावे. आलेलं पत्र जपून ठेवलंय.

अडकलेले १४,३१२ सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाकडे गेलो, फी १५,००० सांगितली.

बहिणीला तिच्या वाट्याचे १,३९,८०० मी एफडी मोडून दिले. ती नको म्हणत होती, मी टेबलावर ठेवून निघून आले.

कोणी यॉट विकत असेल तर बोटीचं नाव, नोंदणी नंबर आणि ती आज कुठल्या धक्क्याला उभी आहे ते विचारा, आणि त्या धक्क्यावर स्वतः फोन करा. खात्याचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा, "मूळ कंपनी" वगैरे ऐकूच नका. चॅट डिलीट करू नका, मी रागात अर्ध्या केल्या आणि पोलिसांना तेवढंच कारण मिळालं. आणि घरातलं माणूस काही विचारत असेल तर उत्तर द्यायच्या आधी परत एकदा फोटो बघा.

परवा भाचीच्या मोबाईलवर तीच यॉट दिसली, तोच फोटो, कंपनीचं नाव नवीन. आता ट्रिप अंदमानची आहे, माणशी ७१,०००. अंदमानला निदान डोंगर तरी आहेत, सॅडल पीक, ७३२ मीटर. मी रिपोर्टचं बटण दाबलं, भाचीला पण दाबायला लावलं. काल बघितलं तर जाहिरात चालूच आहे.