पाठदुखीचे मूळ शोधणारा दवाखाना

कोथरूडमधील या संधिवाततज्ज्ञांच्या दवाखान्यात औषधांपेक्षा विचारपूस अधिक होते, आणि जुनाट दुखण्यात खरी गरज तिचीच असते. दुखण्याने पहाटे जाग येते का, सकाळी अंग किती वेळ आखडलेले राहते, आराम हालचालीने पडतो की विश्रांतीने, हे डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाला बारकाईने विचारले. कारण वयाच्या ४५ वर्षांच्या आत सुरू झालेली, पडून राहिल्यावर वाढणारी आणि चालल्यावर सैलावणारी पाठदुखी मणक्याच्या दाहक संधिवाताची असू शकते, तर झिजेचे दुखणे सहसा श्रमाने वाढते. चिकुनगुन्या होऊन गेला आहे का, अंगावर सोरायसिसचे (त्वचेच्या एका जुनाट आजाराचे) चट्टे आहेत का, याचीही चौकशी झाली, कारण या दोन्हींसोबतही सांधे दुखू शकतात. एचएलए-बी२७ ही, मणक्याच्या दाहक संधिवाताशी निगडित जनुक आहे का हे पाहणारी रक्तचाचणी सकारात्मक आली म्हणजे आजार ठरलाच असे नाही, हे रक्त घेण्यापूर्वीच सांगितले गेले, ही गोष्ट मला विशेष वाटली. भेटीची वेळ मात्र नावापुरतीच असते, आणि बाहेरच्या बाकांना टेकायला पाठच नाही, हे पाठदुखीच्या दवाखान्यात जरा अतीच झाले. एमआरआय बाहेरून करावा लागतो, त्याचा खर्च वेगळा धरावा.