टफन काचेने इजा टळते, चोर नाही

संभाजीनगर, लातूर, नांदेड, कुठल्याही काचेच्या दुकानात ‘सेफ्टी काच दाखवा’ म्हटलं की पुढ्यात टफन येते. दुकानदार खोटं बोलत नसतो, अर्धं सांगत असतो. टफन ही माणसाला लागू नये म्हणून केलेली काच आहे. बाहेरच्याने आत शिरू नये म्हणून काच हवी असेल तर ती लॅमिनेटेड. नव्या बंगल्यांत या दोघींची सर्रास अदलाबदल झालेली दिसते.

आधी टफन. साधी काच भट्टीत ६२० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. मग बाहेरचा थर आवळलेला आणि गाभा ताणलेला राहतो, आणि तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट ताकदीची होते. पोरांचा बॉल बसला तरी बहुतेक वेळा टिकते. मे महिन्यात परभणीच्या उन्हात तापलेल्या काचेवर पाणी मारलं तरी तडकत नाही. फुटलीच तर मक्याच्या दाण्याएवढे बोथट तुकडे होतात. त्यामुळे बाथरूमच्या पार्टिशनला ८ किंवा १० मिमी आणि बिनचौकटीच्या दाराला १२ मिमी टफन हीच निवड बरोबर. जमिनीपर्यंत आलेल्या खिडकीलाही साधी काच नकोच.

पण तिचं मर्म कडेला आहे. कोपऱ्यात टोकदार घाव बसला की अख्खी काच एका दमात खाली येते आणि चौकट मोकळी होते. कडी काढायला हात घालायचीही गरज उरत नाही. क्वचित कुणी हात न लावताही ती फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा कण राहिलेला असतो, तो काही महिन्यांनी, वर्षांनी फुगतो आणि काच आतूनच जाते. असे दोषी नग कारखान्यातच फुटून जावेत म्हणून टफन काच पुन्हा तापवून ठेवतात, त्याला हीट सोक म्हणतात. वर बसवायच्या मोठ्या काचेला तो केला आहे का, एवढं विचारावंच. आणखी एक : टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. कुलपाची खाच, बिजागरीची भोकं सगळं आधी. मिस्त्रीने नंतर ड्रिल लावलं की काच गेलीच समजा.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा. माप दशांशासकट बोलायचं. ६.३८ म्हणजे ३ अधिक ३, मध्ये ०.३८ मिमी पापुद्रा. नुसतं ‘सहाची लॅमिनेट’ म्हटलं की हीच हातात पडते, आणि चोरीच्या दृष्टीने ती कच्ची आहे. ईएन ३५६ या युरोपीय मानकात ४.११ किलोचा पोलादी गोळा काचेवर तीनदा टाकतात. ४+०.७६+४ ची काच साधारणपणे ३ मीटरवरून पडलेला गोळा झेलते, तर ४+१.५२+४ ची ९ मीटरवरून. काच त्याच जाडीची, वाढला तो फक्त पापुद्रा. तळमजल्याच्या, मागच्या गल्लीकडच्या खिडकीला पैसे या पापुद्र्यात घाला, काचेच्या जाडीत नाही. घाव घातला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, चुरा पापुद्र्याला चिकटून राहतो आणि आरपार जायला ठोकतच बसावं लागतं. त्याचा आवाज शेजारी जातो.

‘दोन्ही काचा टफन करून लॅमिनेट करा’ हा सल्ला दर वेळी बरोबर नसतो. दोन्ही थर फुटले की ती काच ओल्या गोधडीसारखी लोंबते आणि चौकटीतून सुटते. साध्या काचेची लॅमिनेटेड फुटल्यावरही ताठ राहते. अपवाद गडद रंगाच्या, पश्चिमेच्या खिडकीचा : अर्धी काच छज्जाच्या सावलीत, अर्धी उन्हात असली की साधी काच कडेपासून तडकते. तिथे लॅमिनेट करण्याआधी काच हीट स्ट्रेंदन, म्हणजे तापवून टफनपेक्षा सावकाश गार केलेली, करून घ्यावी.

खरी फसगत बसवताना होते. ४ बाय ४ फुटांच्या स्लायडिंगचा एक पल्ला साध्या ५ मिमी काचेने सव्वानऊ किलोंच्या आसपास भरतो, ९.५२ च्या (४+१.५२+४) लॅमिनेटेडने सोळा किलोंवर जातो. जुन्या सेक्शनच्या, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियम पट्टीच्या, खाचेत ही काच मावत नाही, आणि कशीबशी बसवली तर चाकं महिन्यांत झिजतात. सेक्शन, रबर, चाकं तिघंही बदलायची. काच चौकटीत निदान १२ ते १५ मिमी आत गेलेली हवी, नाहीतर चोर काच फोडत नाही, बीडिंग, म्हणजे काच धरणारी पट्टी, उचकटून सबंध काच काढतो. बीडिंग आतल्या बाजूलाच. काचेखाली रबरी ठोकळे, दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाव अंतरावर. लाकडाची चिपाटी नको. चारी बाजूंनी ३ ते ५ मिमी फट सोडा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर इथे हे वेगळं सांगायला नको, चौकट हलली तर काचेला जागा लागते.

काचेच्या कडा बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास मारणारं स्वस्त सिलिकॉन पापुद्र्याची कड खातं आणि तिथे दुधाळ पट्टा धरतो. पाणी साचल्यानेही तेच होतं. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं रंगारी बुजवतो, उरलेली आपल्याकडची धूळ बुजवते.

तारेची काच विसरा, तार असली तरी इजा करतेच. भाड्याच्या घरात साध्या काचेवर सेफ्टी फिल्म चालते, पण ती चौकटीत अडकवली नाही तर फुटलेली काच फिल्मसकट आत पडते. गॅलरीच्या कठड्याला आणि जिन्यावरच्या छताला एकटी टफन अजिबात नको. गारपिटीत छत फुटलं तर वरून काचेच्या दाण्यांचा सडा पडतो, कठडा फुटला तर धरायलाच काही उरत नाही. तिथे लॅमिनेटेडच. मात्र बेडरूममध्ये ग्रील आणि लॅमिनेटेड दोन्ही असतील तर एक ग्रील आतून उघडणारी ठेवा, कारण आग लागली तर ही काच झटकन फोडून बाहेर पडता येत नाही.

घेताना बिलावरच्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. सेंट-गोबेन किंवा एआयएस हे नाव कच्च्या काचेचं असू शकतं, टफन भलत्यानेच केलेली असते. कोपऱ्यातला न पुसणारा शिक्का बघा : आयएसआय खूण, आयएस २५५३ (सेफ्टी काचेचं भारतीय मानक) आणि परवान्याचा सीएम/एल क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे टाकून बघता येतो. पोलरॉइड गॉगल लावून तिरप्या उजेडात पाहिलं तर टफनवर फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतात. लॅमिनेटेडची कड उघडी बघा, मधली रेघ दिसली पाहिजे. आणि भाव ठरवताना माप कसं धरणार तेही ठरवा. बरेच जण प्रत्येक बाजू पुढच्या ३ किंवा ६ इंचांवर नेऊन बिल करतात, म्हणून चौकट करण्याआधीच हे विचारलं तर एखादा इंच कमी-जास्त करून चौरस फूट वाचतात.