फेझमध्ये कोणी "रस्ता बंद आहे" म्हटलं तर ऐकू नका, आमचे ३६,९८४ रुपये गेले

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आणि मिसेस मोरोक्कोला गेलो होतो. फेझच्या मदिनात, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, ४,२०० दिरहॅमला फसलो, कार्डावर ३६,९८४ रुपये लागले, वर रोख १०० दिरहॅम वेगळे. लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता ऑफिसातले दोघं तिकडेच चाललेत म्हणून लिहितोय.

बाब बू जलूदच्या निळ्या दरवाज्यातून आत शिरून शुआराचे चामडं रंगवायचे हौद बघायला निघालो. शुक्रवार, त्यामुळे बरीच दुकानं बंद. विशीतला एक मुलगा "इंडिया? शाहरुख खान!" करत आला, म्हणाला पुढे रस्ता बंद, फक्त मशीद आहे, तुम्हाला जाता येणार नाही. आता मी काय करणार? तिथल्या बहुतेक मशिदींत बिगरमुस्लिमांना सोडत नाहीत हे मी वाचून गेलो होतो, आपल्यामुळे कुणाच्या नमाजात व्यत्यय नको एवढंच डोक्यात होतं, आणि नेमका त्याचाच त्याने फायदा घेतला. अहो, मशिदीत जाता येत नाही, गल्लीत येतं!!

आणि तेवढ्यात त्याच "बंद" गल्लीतून एक गोरं जोडपं बाहेर आलं, दोघांच्या हातात पुदिन्याच्या काड्या. हौदांचा वास सहन व्हावा म्हणून तिथे नाकाशी धरायला पुदिना देतात, हेही मला माहीत होतं. मिसेसने कोपरसुद्धा मारलं. तरी मी त्या पोराच्या मागे गेलो. हे आठवलं की अजून झोप येत नाही.

त्याने नेलं "काकाच्या" दुकानात. उंचावरून ओतलेला पुदिन्याचा चहा, तीन तीन ग्लास. आम्ही नाशिकचे, येवल्याला पैठणी बघायला गेलो तरी चहा देतात, न घेता उठलो तर कुणी वाट अडवत नाही, म्हणून संशय आला नाही. वीसेक चादरी पसरल्या, "कॅक्टसचं सिल्क" म्हणून लायटर लावून दाखवला, बघा वितळत नाही. ९,००० वरून ४,२०० वर आणलं तेव्हा वाटलं जिंकलो. लायटरवर जाऊ नका. रेयॉन, म्हणजे नकली रेशीम, तेही झाडाच्या लगद्यातूनच बनतं, लायटरने फक्त प्लास्टिक नाही एवढंच कळतं. बाहेर पोराने ३०० मागितले, १०० वर सुटलो.

आम्ही उतरलो होतो त्या रियाधच्या (जुन्या वाड्यातलं गेस्टहाऊस) मालकिणीने चादर हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, रेयॉन आहे, फार तर ४०० ची. बिचारी स्वतः दुभाषी म्हणून चौकीवर आली. दीड तास बसवलं. साहेब म्हणे वस्तू मिळाली ना, भाव तुम्हीच ठरवलात ना, पोराचा फोटो आहे का? फोटो कोण काढतं अशा वेळी? बिल्ला नसताना गाईडगिरी करणं तिथे गुन्हा आहे, तो पोरगा रोज त्याच नाक्यावर उभा असणार, दोन मिनिटांवर, पण उठून बघायला जायचं नाही! बिल्ला बघितल्याशिवाय कुणाबरोबर पाऊल टाकू नका. इथे आल्यावर बँकेला तीन मेल केले, तिन्हीला तेच उत्तर, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार वैध. पिन मी टाकला हे मला माहीत आहे हो, माल खोटा दिला त्याचं काय?

घ्यायचंच असेल तर बिलावर कापड कुठलं ते लिहून घ्या, नाही म्हणाला तर उठा. आमच्या बिलावर फ्रेंचमध्ये फक्त "चादर १" लिहिलंय आणि खाली माझी सही.