पासपोर्ट तपासणीचा अतिनील दिवा : सहा महिन्यांच्या वापरानंतर

सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर एका विमान कंपनीसाठी प्रवाशांची कागदपत्रे तपासण्याचे काम मी करते. इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या हाती जाण्याआधी पासपोर्ट चेक-इन काउंटरवर आमच्या नजरेखालून जातो, आणि बनावट व्हिसावर एखादा प्रवासी परदेशात उतरला तर त्याला परत आणण्याचा खर्च व दंड विमान कंपनीच्या माथी येतो. म्हणूनच ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एकत्र असलेले हे छोटे उपकरण मी स्वतःच्या पैशांनी, लॅमिंग्टन रोडवरून १,८५० रुपयांना घेतले.

यापूर्वी माझ्याकडे नोटा तपासण्यासाठी सर्रास विकला जाणारा ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च होता. त्याचा जांभळा उजेड पानभर पसरतो आणि जी मंद चमक पाहायची असते तीच त्यात बुडून जाते. पासपोर्टचा कागद शुभ्रकारक द्रव्याविना बनवतात, त्यामुळे अतिनील प्रकाशात तो निस्तेज राहतो आणि त्यातले रंगीत तंतू व अदृश्य शाईची नक्षी तेवढी उजळते. झेरॉक्सचा साधा कागद मात्र निळसर पांढरा झळाळतो. हा फरक नव्या दिव्याखाली स्वच्छ दिसतो. खरेदी करताना वेष्टनावरचा ३६५ हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

भिंगही उत्तम आहे. व्हिसाच्या स्टिकरवरील बारीक रेषा अस्सल छपाईत सलग दिसतात. इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या नकलेत त्याच रेषा विखुरलेल्या रंगीत ठिपक्यांत फुटतात. प्रकाश तिरपा टाकण्याची सोय असल्याने फोटोभोवतीचे लॅमिनेट उचलून पुन्हा चिकटवले असेल तर कडेची सुरकुतीही लक्षात येते.

तरीही केवळ दिव्यावर निर्णय देऊ नये, हे मला जुलैमधल्या एका रात्री कळले. लेकीकडे दुबईला निघालेल्या एका आजींच्या पासपोर्टच्या दोन पानांचे कोपरे दिव्याखाली लख्ख चमकले आणि माझ्या पोटात गोळा आला. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, पिशवीत साबणाची पूड सांडली होती, ओल्या फडक्याने पुसून घेतला.” कपडे धुण्याच्या पावडरीत तेच शुभ्रकारक द्रव्य असते. शिलाईचा धागा, छपाई आणि पानांचे क्रमांक पाहिले, मग फोटोच्या पानावर तळाशी असलेल्या दोन ओळींतले तपासणी अंक हिशेब करून ताडले. प्रत्येकी ४४ अक्षरांच्या या ओळींत पासपोर्ट क्रमांकातले अंक आणि अक्षरांच्या ठरलेल्या किमती ७, ३, १ या क्रमाने गुणून बेरजेला १० ने भागले की उरणारी बाकी हाच तपासणी अंक असतो. क्रमांकात खाडाखोड करणारा पुष्कळदा इथेच चुकतो. आजींचा हिशेब चोख जुळला आणि त्या विमानात बसल्या. सुरुवातीला माझा आवाज चढला होता, त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली.

बॅटरी रात्रपाळीभर पुरते. भिंगाचे झाकण सैल असून दोनदा निसटले आहे. दिवा डोळ्यांवर रोखू नये, याची सूचना वेष्टनावर ठळक हवी होती.

ई-पासपोर्टची चिप मात्र हे उपकरण वाचू शकत नाही. चिपमधल्या माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल स्वाक्षरी असते आणि माहिती बदलली तर ती स्वाक्षरी जुळत नाही. त्या तपासणीसाठी वेगळे यंत्रच लागते. आणि पासपोर्ट अगदी अस्सल, पण तो घेऊन येणारा माणूस दुसराच असेल, तर कागद पाहून काहीच हाती लागत नाही. अशी शंका आली की मी दिवा बंद करते, प्रवाशाला चष्मा काढण्याची विनंती करते आणि कानाची ठेवण, नाकाचा उतार व भुवयांमधले अंतर फोटोशी सावकाश ताडून पाहते.